कवितेखाली नुसतं ‘छान’ येतं तेव्हा

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. बारावीपर्यंत शिकले. घरची कोरडवाहू शेती, कापूस आणि ज्वारी. शाळेपासून कविता लिहिते, पण वहीतच. 2024 च्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन भरलं, तेव्हा जाऊबाईंबरोबर एक दिवस गेले, मागच्या खुर्चीवर बसून कवींना ऐकलं आणि धीर आला. आमच्या भागातल्या कवींचा मोबाईलवर एक गट आहे, त्यात सामील झाले. रोज एक विषय देतात, तीस-चाळीस कविता येतात, रात्री निकाल आणि सन्मानपत्र. माझ्या प्रत्येक कवितेखाली ‘खूप छान ताई’, ‘अप्रतिम’, जोडलेले हात, फुलं. आधी बरं वाटायचं. आता वाटतं, वाचतं का कोणी? कारण मीसुद्धा न वाचताच ‘अप्रतिम’ लिहिते. नाही लिहिलं तर माझ्या कवितेकडे कोणी फिरकत नाही.

श्रावणात ही कविता टाकली:

पहाटे दहिवरात माय वेचणीला गेली
ओटीत पांढरं सोनं घेऊन आली
काट्यापाशी व्यापारी म्हणे,
माल ओला शे, कट्टी लागी
माय काही बोलली नाही
पदर पिळला
आणि दारामागे वाळत घातला

नेहमीसारखी फुलं आली. दोघांनी ‘पांढरं सोनं, वा!’ म्हटलं. तिघांनी ‘तुमच्या आईने खूप सोसलं, धीर धरा’ असं लिहिलं. माझी आई मजेत आहे, ही माय शेजारची. मग गटातले ज्येष्ठ अण्णा, निवृत्त मुख्याध्यापक, यांनी सगळ्यांसमोर लिहिलं: यमक नाही, छंद नाही, बोलीतले शब्द काढा, शेवट अर्धवट आहे. आणि कविता अशी दुरुस्त करून दिली:

पहाटेच्या त्या दवात
माय गेली वेचणीला
व्यापाऱ्याने कट्टी केली
पूर आला लोचनांना

एकजण रात्री अकरानंतर खाजगीत लिहितात, ‘कविता मनाला भिडली, भेटून बोलू.’ मी कविता काढून टाकली. तेव्हापासून काही लिहिलेलं नाही. गट सोडू का?

उत्तर

ताई, गटाचं नंतर बोलू. आधी कवितेचं बोलू, कारण तुमच्या पत्रात इतक्या माणसांची मतं आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांनी कविता वाचलेलीच दिसत नाही.

मला सगळ्यांत आधी भिडलं ते मायचं न बोलणं. ओलाव्याच्या नावाखाली वजनातून जी कपात होते ती कट्टी, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ठाऊक नसेल. पण व्यापारी ‘ओला’ म्हणतो आणि पुढे ओला पदर पिळला जातो, तेवढ्यावर त्यालाही अंदाज येईल. शिवाय ओल खरोखरच आहे. व्यापारी साफ खोटं बोलत नाही, म्हणूनच मायला तोंड उघडता येत नाही. जे दहिवर कापसावर पडलं तेच तिच्या अंगावरही पडलं. कापसातल्या ओलीचे पैसे कापले गेले, अंगावरच्या ओलीचा हिशेब कुणाकडेच नाही. यातलं एक अक्षर तुम्ही सांगितलेलं नाही. पदर वाळत घातलात आणि थांबलात. शेवट अर्धवट नाही, जागच्या जागी आहे.

आता मी कुठे अडखळले ते सांगते. ‘पांढरं सोनं’ या शब्दांपाशी माझं लक्ष उडालं. कापसाला पांढरं सोनं बाजार समितीच्या फलकावर म्हणतात, भाषणात म्हणतात, बातमीच्या मथळ्यात म्हणतात. ते तुमचे शब्द नाहीत. तुमच्या सात ओळींत उसनी ओळ तेवढी एकच आहे आणि दोघांनी नेमकी तिलाच दाद दिली, कारण ती त्यांना आधीपासून पाठ होती. ओळखीचं दिसलं की माणूस मान डोलावतो. अशा दादेवर विसंबून कवितेतलं काय ठेवायचं हे ठरवू नका. पहाटेच्या ओटीत कापूस कसा असतो, जड, गार, बोटांना चिकटणारा, हे तुम्हाला माहीत आहे. तिथे काय लिहायचं ते तुम्हीच बघा.

दोन प्रश्नही पडले. मजुरीच्या वेचणीचा काटा संध्याकाळी बांधावर लागतो, तोवर पहाटेचा पदर वाळून गेलेला असतो. मग हा काटा कोणाचा आणि केव्हाचा? माय मजुरीने वेचते, की घरचा कापूस खेडा खरेदीवाल्याला दारात मोजून देते? तो मुठीत दाबूनच ओल ठरवतो, यंत्र काढत नाही, हे मला माहीत आहे. सरकारी खरेदी केंद्रावर 8 टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण भाव आणि 12 च्या पुढे माल परत, असं मोजमाप तरी असतं. तुमच्या व्यापाऱ्याकडे काय होतं? हे सगळं कवितेत घाला असं मी म्हणत नाही. तुम्हाला स्वतःला ठाऊक असलं की ओळ घट्ट होते. दुसरा प्रश्न साधा आहे. अंगावरचा पदर पिळता येतो, पण वाळत घालायचा तर लुगडं बदलावं लागतं. मायकडे दुसरं लुगडं होतं का? मला वाटतं या प्रश्नाच्या उत्तरात तुमच्या कवितेची अजून एक ओळ दडलेली आहे. नसेलही. कविता तुमची आहे.

हे एवढं लांबण लावलं ते मुद्दाम. कवितेला प्रतिसाद द्यायचा म्हणजे काय, हे समजावून सांगण्यापेक्षा तुमच्याच कवितेला देऊन दाखवावं असं वाटलं. यात मी तुम्हाला शाबासकी दिलेली नाही आणि तुमची कविता माझ्या पद्धतीने लिहूनही दिलेली नाही. मी वाचताना कुठे थांबले, काय दिसलं, कुठे पाय घसरला, एवढंच सांगितलं. लिहिणाऱ्याला हे स्वतःहून कधीच कळत नाही, कारण त्याच्या डोक्यात आख्खं शेत असतं आणि कागदावर सातच ओळी.

अण्णांकडे येऊ. त्यांच्या चार ओळी मी मोजल्या. प्रत्येकीत आठ अक्षरं, अष्टाक्षरी चोख आहे. पण पिळलेला पदर गेला, दार गेलं, व्यापाऱ्याचं बोलणं गेलं आणि त्या जागी डोळ्यांना पूर आला. तुमची माय रडत नाही, म्हणून तर ती कविता होती. अण्णांनी तुमची कविता दुरुस्त केली नाही, तिच्या जागेवर स्वतःची दुसरी लिहिली. कष्टाळू बाईची व्यथा म्हटल्यावर शेवटी अश्रू यायला हवेत, असा त्यांचा आधीपासूनचा हिशेब असणार. असे वाचक सगळीकडे भेटतात आणि त्यांच्यात वाईट हेतू नसतो.

तरी मी त्यांना मोडीत काढणार नाही. गटातल्या सगळ्या फुलांच्या मानाने अण्णांनी तुमच्या कवितेवर जास्त वेळ घालवला. ते शेवटापाशी अडले, ही खरी माहिती आहे. त्यांनी सुचवलेला उपाय चुकला, पण अडले ते खरंच अडले. आणखी एक-दोन जण त्याच ठिकाणी अडले तर तुम्ही ती ओळ पुन्हा बघायची. एकटे अण्णाच अडले तर सोडून द्यायचं. वाचक कुठे अडखळला हे त्याच्याकडून घ्यावं, तिथे काय लिहायचं हे त्याच्याकडून घेऊ नये. त्यांना उत्तर द्यायचंच असेल तर असं काही लिहा: ‘अण्णा, वेळ काढून कविता बांधून दिलीत, आभारी आहे. व्यापारी आमच्याकडे असाच बोलतो म्हणून ती ओळ ठेवते. शेवट वाचताना तुम्हाला नेमकं काय राहून गेलं असं वाटलं, ते सांगाल का?’ उलट प्रश्न विचारला की बरीच ज्येष्ठ मंडळी शिक्षकाच्या खुर्चीवरून उठून वाचकाच्या खुर्चीवर येऊन बसतात. आणि हो, अष्टाक्षरी शिकून घ्या, अण्णांकडूनच शिका. छंद येत असताना मुक्त लिहिणं आणि येत नाही म्हणून मुक्त लिहिणं यात फरक पडतो, तो कानाला कळतो.

बोलीबद्दल मी वाद घालणार नाही. जळगाव जिल्ह्यातल्या असोद्याच्या लेकीची, बहिणाबाई चौधरींची गाणी 1952 साली पुस्तकरूपाने आली ती तिच्याच बोलीत, आणि सगळ्या महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. ज्या मातीत हे घडलं तिथे ‘शे’ काढून ‘आहे’ घाला असं कोणी म्हटलं तर नमस्कार करावा आणि पुढे जावं.

पण बहिणाबाईंची आठवण मला वेगळ्या कारणासाठी करून द्यायची आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात, जात्यावर त्या म्हणत गेल्या आणि मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी ऐकून ते कागदावर उतरवलं. ‘वा माय, छान’ म्हणून उठून गेले असते तर आज आपल्या हाती काय राहिलं असतं? लिहून घेणं हाच त्यांचा प्रतिसाद होता. 1951 च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या, नंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी तिचं मोल ओळखलं आणि पुस्तक झालं. अत्र्यांची दाद सगळ्यांना माहीत आहे. मला त्या आधी बसून ओळ न् ओळ उतरवणाऱ्यांचं जास्त वाटतं. तुमच्या गटात एखाद्या बाईची एक ओळ आवडली तर ती वहीत लिहून घ्या आणि तिला कळवा, ‘तुमची ही ओळ मी वहीत उतरवली.’ दहा फुलांनी जे होत नाही ते एवढ्याने होतं.

दुसरी गोष्टही आपल्याच जिल्ह्याची. 1907 साली जळगावात कविसंमेलन भरलं होतं. धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा पोरगा तिथे कविता म्हणायला उभा राहिला, अठरा वर्षांचाही नव्हता. अध्यक्ष कर्नल डॉ. कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. अशी दाद नशिबाने मिळते. तिची वाट बघत रोज सन्मानपत्रं गोळा करणं मात्र व्यर्थ आहे. एका संध्याकाळी चाळीस कविता वाचून जो निकाल लावतो त्याच्यावर मी रागावणार नाही, त्याच्या जागी कोणीही असता तरी त्याने चाळीस कविता वाचल्या नसत्या, नुसत्या चाळल्या असत्या. रोजच्या विषयामुळे हाताला लिहायची सवय लागते हे मान्य. वाचायची सवय मात्र मोडते. आणि वाचायचीच सवय मोडली की गट कवींचा राहत नाही, नुसती देवाणघेवाण उरते. तू मला अप्रतिम म्हण, मी तुला म्हणते.

तुम्ही या व्यवहारातून बाहेर पडा. दिवसाला एक किंवा दोन कविता निवडा, बाकीच्यांखाली काहीच लिहू नका. निवडलेली कविता रात्री कामं आटोपली की एकदा मोठ्याने वाचा, घरातले झोपले असतील तर ओठांत पुटपुटा. लगेच काही लिहू नका. सकाळी चूल पेटवताना त्यातलं काय आठवतं ते बघा. जे आठवलं ते त्या कवीला सांगा, जिथे मन भरकटलं तेही सांगा आणि काही कळलं नसेल तर विचारा. समजा कोणी पावसावर लिहिलंय. तुम्ही लिहायचं: ‘तिसऱ्या ओळीतला पत्र्याचा आवाज मला ऐकू आला. शेवटच्या दोन ओळींत मी बाहेर पडले, कारण तिथे पाऊस थांबला आणि उपदेश सुरू झाला. ती भिजलेली शेळी नंतर कुठे गेली?’ तीनच वाक्यं आहेत, पण वाचल्याशिवाय लिहिता येत नाहीत. ज्याने मागितलं नाही त्याला उपाय सांगू नका. एखादी कविता मुळीच आवडली नाही तर गप्प राहायची मुभा आहे. खोटं ‘अप्रतिम’ लिहिण्यापेक्षा गप्प राहणं कितीतरी जास्त आदराचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवातीला तुमच्या कवितांखालची फुलं कमी होतील, ते मनाला लागेल. चार-सहा आठवडे लागू द्या.

ज्या तिघांनी तुमच्या आईचं सांत्वन केलं त्यांच्यावर रागावू नका. कवितेतली माय खरी वाटली म्हणून ते फसले. ‘ही माय माझी नाही, पण आमच्या गल्लीत आहे’ एवढं लिहून थांबा, जास्त खुलासा देत बसू नका. मात्र शेजारच्या त्या मायला आपल्यावर कविता झाली हे माहीत आहे का? गाव लहान आहे, आणि व्यापारीही गावातलाच असेल. तिला एकदा वाचून दाखवा. तिची परवानगी मिळेल आणि पदराच्या प्रश्नाचं उत्तरही कदाचित तिच्याकडूनच मिळेल.

रात्री अकरानंतर लिहिणाऱ्याला कवितेशी देणंघेणं नाही. त्याला उत्तर देऊ नका, मजकूर पुसू नका, गट चालवणाऱ्याला दाखवा आणि त्याचा नंबर ब्लॉक करून टाका. घरात एकाला, जाऊबाईंना, सांगून ठेवा. यात तुमचा काही दोष नाही, आणि या कारणाने कविता लिहिणं थांबवायचं तर मुळीच नाही.

पत्राच्या मागच्या बाजूला तुम्ही पेन्सिलीने एक ओळ लिहिली आहे. अण्णांच्या कविता तुम्हाला बेताच्या वाटतात, पण निवृत्तीवरच्या त्यांच्या एका कवितेत ‘रविवारीही साडेदहाला अंग आपोआप उभं राहतं’ असं आहे आणि ते तुमच्या डोक्यातून जात नाही. ताई, ही ओळ खरंच चांगली आहे. शाळेची घंटा, प्रार्थना, इतकी वर्षं, सगळं त्या उभं राहण्यात आलंय. तुम्ही ती मला कळवलीत. त्यांच्या कवितेखाली काय लिहिलंत? अप्रतिमच लिहिलं असणार. त्यांना ही ओळ सांगा, आणि ती का राहिली तेही सांगा. मग पुढच्या खेपेला ते तुमची कविता कशी वाचतात ते बघा. बदलतीलच अशी हमी मी देत नाही.

गट लगेच सोडू नका. रोजच्या विषयाला रजा द्या. तीस-चाळीस जणांत कविता खरोखर वाचणाऱ्या दोघी-तिघी नक्की असतील. कोण कुठली ओळ उचलून बोलतं, यावर लक्ष ठेवलं की सापडतील. त्यांच्याशी ठरवा, आठवड्याला प्रत्येकीची एक कविता, आणि महिन्यातून एकदा शक्य झालं तर पारोळ्यात किंवा अमळनेरला बाजारच्या दिवशी तासभर भेट. समोरासमोर मोठ्याने वाचताना ऐकणारीचा चेहरा कुठे बदलला ते दिसतं, ते मोबाईलवर दिसत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावरची गाणी अशीच चालतात, एकीने म्हटलं की दुसरीने उचलायचं, आणि उचलायचं तर आधी ऐकावंच लागतं.

काढलेली कविता मायला वाचून दाखवल्यावर, ‘पांढरं सोनं’चं काय करायचं ते ठरल्यावर, परत टाका. ‘शे’ आणि ‘लागी’ तसंच ठेवून. दसऱ्यानंतर वेचणी जोरात आली की तुम्हाला मान वर करायला सवड मिळणार नाही, म्हणून त्या दोघी-तिघींशी त्याआधीच बोलून ठेवा.